'अरे, हा तो!' : डिक मिलर ओळखायचा आणि पाहायचा कसा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून माझं पोट चालतं. नाशिकात, पंचवीसेक वर्षं झाली. या धंद्यात एक खोड लागते. नवरा-नवरी दिसेनाशी होतात आणि मागची माणसं दिसायला लागतात. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, सगळे माना उंचावून बघतायत, आणि डाव्या कोपऱ्यात कुणीतरी काका मुठीत अक्षता धरून बिनधास्त जांभई देतायत. ते काका मी कापत नाही. एका घरच्यांनी तर 'ते काका काढा' म्हणून तीनदा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. काढले, पण माझ्याकडच्या कॉपीत ते अजून जांभई देतायत.

तर अशा डोळ्यांच्या माणसाला डिक मिलर सापडणारच होता. हा अमेरिकन नट न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1928 च्या नाताळच्या दिवशी जन्मला आणि 2019 च्या जानेवारीत गेला. मधल्या काळात शेकड्याच्या वर चित्रपटांत दिसला, बहुतेक वेळा दोन-चार मिनिटं. त्याच्यावर 2014 मध्ये माहितीपट निघाला, त्याच्या नावातच 'दॅट गाय' आहे. म्हणजे आपल्या घरात आई भाजी निवडता निवडता टीव्हीकडे बोट दाखवून म्हणते ना, 'अरे, हा तो! नाही का त्या पिक्चरमधला!', तो 'तो'.

मी त्याचे चित्रपट वीस वर्षं वहीत टिपून बघतोय. हा नाद करायचा कसा ते इथे लिहितो. नाद स्वस्त आहे, फक्त रात्री जागवतो.

सुरुवात जुन्यापासून करू नका. माझा एक मित्र शिस्तीचा. त्याने 1955 पासून क्रमाने बघायला घेतलं आणि तिसऱ्या वेस्टर्नला झोपला. तुम्ही सुरुवात करा 'द टर्मिनेटर'पासून, 1984 चा. तो तुम्ही पाहिलेला असणार. मीही कॉलेजात असताना भाड्याच्या कॅसेटवर पाहिला होता आणि मिलरकडे लक्षही दिलं नव्हतं. आता फक्त बंदुकीच्या दुकानाचा प्रसंग लावा. दीड मिनिटाच्या आसपास आहे. समोर आर्नोल्ड श्वार्झनेगर एकेक हत्यार मागतोय, आणि काउंटरमागे एक बुटका दुकानदार ते काढून समोर ठेवतोय.

पहिल्यांदा आवाज चालू ठेवून बघा. गिऱ्हाईक भविष्यातली कसलीशी प्लाझ्मा रायफल मागतं, तेव्हा हा चमकत नाही. समोर दिसतोय तेवढाच माल आहे, असं सांगतो, आपल्याकडचा साडीवाला 'तो रंग संपला, ताई' म्हणतो त्या सुरात. घरराखणीला यातली कुठलीही चालेल, असंही वर सुचवतो. गिऱ्हाईक म्हणतं, सगळ्याच द्या. यावर त्याच्या डोक्यात काय येतं? आज दुकान लवकर बंद करावं! पिस्तुलांना पंधरा दिवस थांबावं लागेल, रायफली आत्ता नेता येतील, हा नियमही तो बजावतो. आणि गिऱ्हाईक तिथेच काडतूस भरायला लागतं तेव्हा घाबरायच्या आधी त्याला दुकानाचा नियम मोडल्याचा राग येतो. पुढे काय होतं ते ठाऊक आहेच.

आता आवाज बंद करून तेच परत बघा. फक्त हात बघा. बंदुका उचलणारे, फिरवून काउंटरवर मांडणारे ते हात रोज हेच करणाऱ्याचे आहेत. त्या प्रसंगाआधी त्याने सकाळी शटर उघडलंय, चहा प्यायलाय, दोन गिऱ्हाइकं केलीत, असं वाटत राहतं. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. डिक मिलरच्या माणसाला धंदा असतो. पटकथेत त्याच्या वाट्याला चार ओळी येतात, पण तो आत येतो तो कामावरून उठून आल्यासारखा, आणि जातो तो (जिवंत राहिला तर) कामावर परत गेल्यासारखा. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा, वेटर, टॅक्सीवाला, कचरागाडीवाला, झाडूवाला, पुस्तकाचा दुकानदार, पोलिसांच्या शस्त्रकोठीतला हवालदार, फिल्मी एजंट. आपल्या हिंदीतल्या जगदीश राज यांनी 144 चित्रपटांत पोलीस रंगवला, त्याचा विश्वविक्रम आहे. ती एक तऱ्हा झाली, गणवेश बघितला की माणूस कळला. मिलरचं उलट. चेहरा तोच, आवाज तोच ब्रॉन्क्सचा खरखरीत, आणि धंदा दरवेळी वेगळा.

मग वही घाला. फोनमध्ये नको. फोनमध्ये टिपायला गेलं की बोट घसरतं, माणूस नटाची यादी उघडतो आणि पुढे कुठे कुठे तो आहे ते आधीच कळतं. या नादातली निम्मी मजा 'अरे!' या शब्दात आहे, ती स्वतःच्या हाताने घालवू नका. शंभर पानी वही, आडवी धरून पाच रकाने: कितव्या मिनिटाला आला, कितव्या मिनिटाला गेला, धंदा काय, हातात काय, आणि गेला कसा. शेवटच्या रकान्यात मी 'मेला', 'हाकलला', 'आपसूक निघून गेला' असं लिहितो. पहिल्या पन्नासेक नोंदींत 'मेला' बरेच निघतील, नवल वाटून घेऊ नका.

नमुन्याला 'चॉपिंग मॉल'ची नोंद देतो, 1986. धंदा: मॉलमध्ये फरशी पुसणारा. हातात: मॉप. गेला कसा: रखवालदार यंत्रमानवाशी हुज्जत घालून, ओल्या फरशीवर विजेचा झटका बसून मेला. नाव: वॉल्टर पेस्ली. हे नाव लक्षात ठेवा, त्यावर येतोच.

दुसऱ्या दिवशी 'ग्रेमलिन्स' बघा, तोही 1984 चाच. यात मिलर आहे शेजारचा मिस्टर फटरमन. परदेशी वस्तूंवर राग असलेला, आपल्या देशी ट्रॅक्टरचा कोण अभिमान. दारूच्या गुत्त्यात बसून तो महायुद्धातल्या विमानांत शिरून यंत्रं बिघडवणाऱ्या भुतांच्या गोष्टी सांगतो, आणि चित्रपटाचं नाव त्या बडबडीतून येतं. म्हणजे सगळ्या कथेची किल्ली दिग्दर्शकाने पिऊन बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात दिलीय. पुढे त्याचाच लाडका ट्रॅक्टर त्याच्या घरात घुसतो. पहिल्या भागात आपल्याला वाटतं संपला बिचारा, पण 1990 च्या दुसऱ्या भागात तो धडधाकट हजर आहे. त्याच्या बायकोचं काम करणाऱ्या जॅकी जोसेफकडे नीट बघून ठेवा. ती तुम्हाला चोवीस वर्षं मागे, एका फुलवाल्याच्या दुकानात पुन्हा भेटणार आहे.

आता मागे जायचं, 1959 ला. चित्रपट 'अ बकेट ऑफ ब्लड'. इथे मात्र घाई करू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या. लांबी जेमतेम 66 मिनिटं आहे, दोनदा होतो.

आधी 'बी मूव्ही' म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकेत पूर्वी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. एक मोठा, आणि जोडीला एक छोटा, स्वस्तातला. तो जोडीचा म्हणजे बी. पन्नाशीच्या दशकात गाडीत बसून बघायच्या मैदानी थिएटरांसाठी असल्या स्वस्त चित्रपटांचा कारखानाच निघाला, आणि त्यातला पट्टीचा कारागीर रॉजर कॉर्मन. मिलर कॅलिफोर्नियात आला होता लेखक व्हायला. किस्सा असा सांगतात की मित्राने कॉर्मनशी गाठ घालून दिली, कॉर्मन म्हणाला लेखक आहेत माझ्याकडे, नट पाहिजेत, आणि मिलर म्हणाला, मग मी नट आहे. 1955 च्या 'अपाची वुमन'मध्ये त्याने इंडियनचं काम केलं, ते झाल्यावर त्याच चित्रपटात गोऱ्या गावकऱ्याचंही केलं. तो स्वतः सांगायचा, शेवटी मी मलाच गोळी घालायची वेळ आली होती. आमच्या धंद्यात एकच वाढपी तीन लग्नांत तीन रंगांच्या फेट्यांत दिसतो, तसंच हे.

तर 'बकेट'. चित्रीकरण पाच दिवसांत उरकलेलं. मिलरच्या वाट्याला यात चक्क नायकाचं काम आलंय. वॉल्टर पेस्ली हा 'यलो डोअर' नावाच्या कॅफेत टेबलं पुसणारा पोऱ्या. कॅफेत दाढीवाले कवी, चित्रकार, मोठमोठ्या बाता. याला कुणी विचारत नाही. पण ऐकलेली कविता याला शब्दन् शब्द पाठ. रात्री आपल्या कोंदट खोलीत तो मातीचा गोळा घेऊन बसतो, आवडत्या मुलीचा चेहरा घडवायला. जमत नाही. तो गोळ्याला आधी विनवतो की नाक हो, मग त्याच्यावर ओरडतो, नाक हो! हसू येतं. आणि हसता हसता लाज वाटते, कारण आपणही कधीतरी कशाला तरी असंच ओरडलेलो असतो. मी एकदा हार्ड डिस्कला ओरडलोय, आत एका घरचा अख्खा साखरपुडा अडकला होता.

भिंतीत घरमालकिणीचं मांजर अडकलेलं असतं. सोडवायला म्हणून हा भिंतीत सुरी खुपसतो, आणि मांजर मरतं. घाबरून तो त्याला माती लिंपतो. सकाळी कॅफेत नेतो तर सगळे कलावंत म्हणतात, वा, काय शिल्प! एकदा शाबासकी मिळालेला माणूस थांबतो का? मांजरानंतर माणसं येतात.

इथे काय बघायचं ते सांगतो. शाबासकीआधीचा आणि नंतरचा वॉल्टर. पहिल्या वीस मिनिटांत त्याची पाठ बघा, सतत थोडी वाकलेली, 'कुणाच्या मध्ये तर येत नाही ना' अशी. नाव झाल्यावर तीच पाठ ताठ होते, पण पुरती नाही. तो बेरेट घालून, सिगारेट ओढून टेबलाशी बसतो तेव्हाही बसणं पोऱ्याचंच राहतं, कुणी हाक मारली की उठेल असं. ते शब्दांत कुठेच नाही, अंगात आहे. शेवटचा प्रसंग मात्र घाईत उरकलाय हे दिसतं. वॉल्टर स्वतःच शिल्प होतो, आणि तोंडाला नुसतं राखाडी रंगाचं काहीतरी फासलेलं. वेळ आणि पैसा दोन्ही संपलेले. मिलरला याची हळहळ आयुष्यभर होती. माझं म्हणणं वेगळंय. जन्मभर माती न जमलेल्या माणसाचा शेवटही नीट न जमलेल्या मातीतच व्हावा, हे मला पटतं. पण हे मी त्याच्या तोंडावर म्हणायला धजलो नसतो.

'ग्रेमलिन्स'च्या दुसऱ्या भागात फटरमनवर एक वटवाघळी ग्रेमलिन झडप घालतो आणि अंगावर ओलं सिमेंट पडून शेवटी चर्चच्या कड्यावर पुतळा होऊन थिजतो. तो प्रसंग 'बकेट' बघून झाल्यावर पुन्हा लावा. मला ते कळलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

लगेच दुसऱ्या दिवशी 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स', 1960. मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एक रात्र, दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या सेटवर. नायकाचं काम आधी मिलरला विचारलं होतं. 'बकेट'सारखंच आहे म्हणून त्याने नाकारलं आणि फुलं खाणाऱ्या गिऱ्हाइकाची छोटी भूमिका घेतली. बुद्धी बघा माणसाची! तो दुकानात येतो, फुलं मागतो, बांधून देऊ का विचारलं तर इथेच खातो म्हणतो. खिशातून मीठ काढतो, भुरभुरवतो आणि खायला लागतो. फुलं खरीच होती. गंमत अशी की तो विचित्र वागतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नाही. वडापावच्या गाडीवर उभं राहून खाणारा नोकरदार जसा खातो, तसा खातो. दुकानाची नोकरपोरगी म्हणजे जॅकी जोसेफ. झाली भेट? तरुण जॅक निकल्सन दंतवैद्याकडे मुद्दाम दुखवून घ्यायला येतो तोही यातच, पण त्याच्याबद्दल बाकीचं जग लिहितंच आहे.

प्रतींबद्दल एक सूचना. या दोन्ही चित्रपटांचे हक्क अमेरिकेत नीट राखले गेले नाहीत, त्यामुळे फुकट प्रती पुष्कळ फिरतात. त्यातल्या बऱ्याच झेरॉक्सची झेरॉक्स असाव्यात तशा आहेत. काळोखात नुसते आवाज. दोन-तीन पडताळून बघा, ज्यात वॉल्टरच्या खोलीतली भिंत भिंतीसारखी दिसते ती घ्या. 'लिटल शॉप' रंगवलेलाही मिळतो. तो लांबच ठेवा.

जोडीने बघायचे दोन. 1963 चा 'द टेरर' एकट्याने बघाल तर मला शिव्या द्याल. भयपटांतला नामांकित नट बोरिस कारलॉफ याच्या ठरलेल्या कामाचे थोडे दिवस शिल्लक होते, दुसऱ्या चित्रपटाचा सेट उभा होता, म्हणून त्याचं काम आधी शूट करून टाकलं, आणि बाकीचं नंतर चार-पाच जणांनी तुकड्यातुकड्यात भरलं. कथा कुणालाच कळेना. तेव्हा कॉर्मनने निकल्सन आणि मिलरला पुन्हा उभं केलं आणि निकल्सनने मिलरला धरून 'काय चाललंय ते सांग' म्हणून दरडावलं. मिलर सगळं सांगून मोकळा. एडिटर म्हणून मी या प्रसंगाला नमस्कार करतो. आम्हीही मध्येच पाटी टाकतो, 'हळदीच्या दिवशी पाऊस आला', म्हणजे मांडव का बदलला ते कळतं.

हा बघून झाला की 1976 चा 'हॉलिवूड बुलेव्हार्ड' लावा. त्यात मिलर फिल्मी एजंट आहे, आणि गाडीत बसून पडद्यावर 'द टेरर' बघतो. स्वतःलाच. त्याच्या चेहऱ्यावरून काही सेकंद जे सरकतं ते वहीच्या पाच रकान्यांत बसत नाही. मी समासात लिहिलंय.

एजंटाचं नाव वॉल्टर पेस्ली. इथून ते नाव फिरायला लागतं. जो दान्ते हा दिग्दर्शक कॉर्मनच्याच तालमीतला, त्याने जवळजवळ आपल्या प्रत्येक चित्रपटात मिलरला काही ना काही काम दिलं. 'द हाउलिंग'मध्ये, 1981 ला, चेटूक-करणीच्या पुस्तकांचा दुकानदार पेस्ली. 'ट्वायलाइट झोन'च्या 1983 च्या चित्रपटात हॉटेलवाला पेस्ली. मॉलमधला झाडूवालाही पेस्ली, आणि तो तर वेगळ्याच दिग्दर्शकाचा. 'बकेट'मधला पेस्ली मेलेला आपण पाहिलाय, मग हे कोण? माझ्या वहीत याचं उत्तर नाही. 'हाउलिंग'मधला मला सगळ्यांत आवडतो. लांडगामाणसांना मारायच्या चांदीच्या गोळ्यांबद्दल बोलताना तो इतका वैतागलेला आहे, जणू शिक्के उठवून थकलेला स्टेशनरीवाला.

चुकाल, तर कुठे चुकाल. मी दोन वर्षं जोनाथन हेझला मिलर समजत होतो. कॉर्मनच्या त्या काळच्या कृष्णधवल चित्रपटांत दोघेही असतात, दोघेही बुटके, काळ्या केसांचे, लांबच्या शॉटमध्ये फरक कळत नाही. (फुलवाल्याच्या दुकानातला नायक हेझच.) एका रात्री 'एक्स: द मॅन विथ द एक्स-रे आइज' बघत होतो, 1963 चा. जत्रेत खेळ चाललाय आणि प्रेक्षकांतून दोघे जण खोड्या काढतायत. एक मिलर. दुसरा? दुसराही माझा मिलर! त्या रात्री वहीतल्या सात नोंदी खोडल्या. तेव्हापासून पेन्सिल वापरतो. ओळखायची खूण सांगून ठेवतो: मिलरचा जबडा रुंद, भुवया बोलणाऱ्या, आणि तोंड मिटलेलं असतानाही आत्ताच काहीतरी टोमणा मारून झालाय असं दिसतं.

दुसरी चूक म्हणजे पुढे ढकलत फक्त त्याचेच तुकडे बघणं. हे मीही केलंय, कामाच्या सवयीने. तसं केलं की नुसती यादी हाती लागते. तासभर कंटाळा सोसल्यावर दार उघडून तो आत येतो तेव्हा खोलीत जो फरक पडतो, तो सोसल्याशिवाय कळत नाही. आणि काही ठिकाणी तो येतच नाही. 'पल्प फिक्शन'मध्ये त्याचा प्रसंग चित्रित झाला होता, अंतिम चित्रपटात कापला. त्या एडिटरला मी दोष देत नाही, पण वहीत एक पान कोरं ठेवलंय.

तिसरं, एकट्याने बघू नका. बरोबरचा माणूस शौकीन नसला तरी चालतो, नसलेलाच बरा. आमच्या घरी ही माझ्या वहीला 'मृत्यू नोंदवही' म्हणते. परवा 'आफ्टर अवर्स' लावला होता, मार्टिन स्कॉर्सेसीचा, 1985 चा. म्हणजे बी वगैरे नव्हे, चांगल्या घरचा. मी पेन्सिल टोकत होतो, ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आला बघा तुमचा."

मी बघितलं. रात्रीच्या हॉटेलातला वेटर.

"कसं ओळखलंस?"

"आवाजावरून. आणि बाकी सगळे नाटक करतायत, हा एकटा कामावर आहे."

धंद्याच्या रकान्यात वेटर लिहिलं. 'गेला कसा' मध्ये, आपसूक.